सायलीच्या वाट्याचं

मुठा गावाच्या वरच्या अंगाला, चढ संपता संपता धनगरवाडा लागतो. तिथल्या नंदा मरगळेला भांडखोर म्हणायची खालच्या गावात पद्धतच पडून गेली आहे, आणि खोटं कशाला बोला, ती आहेच. शनिवार-रविवारपुरत्या येणाऱ्या एका बंगलेवाल्यानं तिच्या शेरडांच्या वाटेत तारेचं कुंपण घातलं, तेव्हा ती सगळी शेरडं घेऊन थेट बंगल्याच्या व्हरांड्यात जाऊन उभी राहिली. "वाट न्हाई ना ठिवली? मग आता हिकडनंच जात जाईन रोज," म्हणाली. दुसऱ्या दिवशी कुंपणाला फाटक बसलं. महिन्याभरात त्याच बंगल्याच्या मालकीणबाईंनी नंदाला झाडलोटीच्या कामावर ठेवलं. अशी ही बाई. पण बापासमोर उभी राहिली की हिची जीभ टाळ्याला चिकटायची.

बाप म्हणजे सावळा. बोलायचा कमी, आणि बोलला की बोलला. जनावराच्या सौद्यात सावळ्यानं मान हलवली की व्यापारी विसाराचे पैसेसुद्धा मागत नसत. घरात माणसं चार: सावळा, त्याची बायको कोंडाबाई, नंदा आणि नंदाची लेक सायली. पण सावळ्याचा, म्हणजे आबाचा, शब्द हे जणू पाचवं माणूस त्या घरात राहत होतं, आणि सगळ्यांत आधी ताट त्याचं वाढलं जायचं.

नंदाचं लग्न झालं होतं पिरंगुटजवळच्या कैलास ढेबेशी. सायली अंगावर पीत होती तेव्हा कैलासनं दुसरी घरात आणून बसवली. नंदानं आदळआपट केली नाही. पोरीला काखोटीला मारलं, बस धरली आणि सरळ माहेरी आली. मग रीतीप्रमाणं बैठक बसली. दोन्हीकडचे जाणते जमले, सिद्धनाथ नावाचा पंच मधे बसला, काडीमोड झाली. पोरगी आईपाशी राहील, तिच्या दुधाला चार शेरडं कैलास देईल, आणि त्यानंतर त्याच्याकडं कुणी काही मागायचं नाही, असं ठरलं. सावळ्यानं कुणाला विचारलं नाही. पुढं झाला, शपथेसाठी देवाचा भंडारा उचलला आणि म्हणाला, "माझ्या लेकीनं, न्हाईतर नातीनं, तुझ्या दारात हात पसरला तर मी देवाचा चोर."

नंदा तेव्हा आत पोरीला पाजत बसली होती. तिला सगळं ऐकू आलं. तिला त्यात वावगं काही वाटलं नाही. उलट एकदाची सुटले, असंच वाटलं. आणि तसं बघायला गेलं तर बैठकीनं काही तिचा गळा कापला नव्हता. त्या लोकांना जे येत होतं ते त्यांनी केलं, आणि संध्याकाळच्या आत सगळे आपापल्या वाटेला लागले.

दिवस जातातच. सायली गावातल्या शाळेत सहावीला पोचली. गावची शाळा सातवीला संपते. आठवीला पौड गाठायचं, आणि पौड रोज जाऊन-येऊन करायचं म्हणजे पावसाळ्यात वाड्यावरनं खाली उतरणंच मुश्कील. वसतिगृहात नाहीतर कुणाकडं खोली घेऊन ठेवायची, तर तेवढं नंदाच्या झाडलोटीत आणि शेरडांत भागत नव्हतं. नंदाला स्वतःला चौथीनंतर शेरडांमागं धाडलं होतं. तिला वाचायला येतं, पण अडखळत. बंगल्यातल्या औषधाच्या बाटल्यांवरची नावं ती अजून बोट ठेवून वाचते. सायलीचं असं होऊ द्यायचं नाही, एवढी एकच गोष्ट तिनं मनाशी पक्की धरली होती. कशी होणार हे मात्र तिला ठाऊक नव्हतं.

अशात ती एकदा ताडपत्री आणायला पिरंगुटच्या बाजारात गेली, तर समोर कैलास. स्वतःच्या पिकअपमधून उतरला. कंपन्यांतल्या कामगारांसाठी त्यानं चाळ बांधलीय, खोल्या भाड्यानं दिल्यात, हे तिच्या कानावर होतंच. मागोमाग त्याचा मुलगा ओम उतरला. पायात बूट, गळ्यात टाय, पाठीवर इंग्रजी शाळेचं दप्तर. कैलासनं तिला ओळखलं. "बरं हाय ना?" म्हणाला, पोराला आइस्क्रीम घेऊन दिलं आणि निघून गेला. सायली कशी आहे, जिवंत तरी आहे का, एका शब्दानं विचारलं नाही मेल्यानं! ताडपत्री न घेताच नंदा बसमध्ये बसली.

पुढं ती वकिलापर्यंत पोचली ती चहाच्या आशेनं. अंगणवाडीच्या रत्नाबाईंनी बायका गोळा केल्या होत्या, ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये कायद्याचं शिबिर होतं. पंखा आहे, चहा आहे, एवढं कळल्यावर नंदा गेली. पौडच्या कोर्टातून किमया नावाची वकीलबाई आली होती, वयानं लहानच. बाईला आणि लेकराला वकील सरकार देतं, त्याला पैसे पडत नाहीत, असं ती सांगत होती. नंदा उठून म्हणाली, "फुकटचा वकील बोलायचा बी फुकटचंच." सगळ्या बायका फिदीफिदी हसल्या. किमयाही हसली. "या पौडला, मग ठरवा," म्हणाली.

नंदा गेली. बापाला न सांगता गेली, हे मुद्दाम सांगायला हवं. तालुक्याच्या विधी सेवा समितीत तिनं अर्ज केला, सायलीचा जन्मदाखला दिला, आणि वकील म्हणून किमयाच मिळाली. नंदानं तिला बैठक, शेरडं, भंडारा सगळं सांगितलं. किमयानं शांतपणे ऐकून घेतलं.

"नंदाताई, तुमचं तुम्ही काय सोडायचं ते सोडा. पण मुलीचा हक्क आईनं, आजोबांनी किंवा पंचांनी सोडला म्हणून सुटत नाही. पोटगीचा अर्ज सायलीच्या नावानं करू. तुम्ही फक्त तिच्या वतीनं सही करायची."

"आन् आबाचा भंडारा?"

"भंडारा आजोबांनी उचलला. सायलीनं कुठं उचलला?"

हे नंदाला एकदम पटलं. वाटभर ती मनात घोळवत आली. पण घरी येऊन आबासमोर उभी राहिली आणि तोंडातून शब्द फुटेना. आज सांगू, उद्या सांगू करता करता कैलासला कोर्टाची नोटीस पोचली. कैलास सिद्धनाथकडं धावला, आणि सावळ्याला ही बातमी सिद्धनाथच्या तोंडून, चार माणसांत, ऐकावी लागली.

सावळा घरी आला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. नंदानं धीर करून किमयाचा मुद्दा मांडला, की भंडारा तुमी उचलला हुता, पोरीनं न्हाई. सावळा म्हणाला, "ह्ये वकिलाचं बोलणं. मी उचलला तवा पोरीसाठीच उचलतुया, ह्ये मला म्हाईत हुतं. मला शिकवू नगंस." त्यानंतर तो नंदाशी बोलायचा थांबला. काही हवं असलं की कोंडाबाईला सांगायचा, आणि कोंडाबाई दोघांच्या मधे उभी राहून निरोप पोचवायची. एकाच चुलीपुढं बसलेली माणसं!

आता नंदानं जे केलं ते फक्त नंदाच करू जाणे. तिनं विचार केला, शब्द शेरडांवर दिला होता ना? मग शेरडं परत केली की शब्द मोकळा. तिनं आपल्यातली चांगली चार शेरडं काढली, खाली गावात येऊन एका टेम्पोवाल्याची मनधरणी केली आणि पिरंगुटला कैलासच्या चाळीसमोर उतरली. कंपनीच्या बसगाड्या सुटायची वेळ. कामगार ब्रश करत उभे. त्यांच्यातून वाट काढत नंदानं चारही शेरडं पाण्याच्या टाकीला बांधली. "दीदी, ये किसका है?" एकानं विचारलं. "मालिक का है. उसको बोलो, हिशेब फिट्टा," एवढं तिच्या हिंदीत सांगून ती मागं फिरली. सबंध रस्ता तिला हलकं हलकं वाटत होतं.

किमयानं हे ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

"अहो ताई, मला विचारायचं तरी! आता ते म्हणणार, शेळ्या परत केल्या म्हणजे सगळा व्यवहार मिटला होता हे तुम्हीच कबूल केलंत."

आणि तसंच झालं. कैलासच्या वकिलानं लेखी म्हणणं दिलं: बैठकीत कायमची तडजोड झाली होती, खुद्द अर्जदाराच्या आजोबांनी शपथ घेतली होती, आता लोभापायी शेळ्या परत करून नवा दावा लावलाय. शिवाय कैलास म्हणे बेकार, चाळ आईच्या नावावर, पिकअप मित्राचा. शेरडांचं काय केलं म्हणाल, तर चारही त्यानं तेवढ्यात विकून टाकली होती.

घरी सावळ्यानं कोंडाबाईकरवी निरोप दिला. "तिला सांग, शेरडं माघारी दिली म्हून शब्द माघारी येत न्हाई." म्हणजे नंदाची शेरडं गेली, शब्द होता तिथंच राहिला, आणि कोर्टातली बाजू लंगडी झाली. ती बंगल्याच्या मोरीत नळ सोडून मनसोक्त रडली. मग तोंड धुऊन फरशी पुसायला घेतली, कारण बंगलेवाले संध्याकाळी येणार होते.

तारखा पडत राहिल्या. कधी समोरचा वकील नाही, कधी साहेब रजेवर. किमया प्रत्येक तारखेला यायची, हे मात्र नंदा आता कुणालाही सांगते. पिकअप कैलासच्याच नावावर असल्याचा कागद तिनं काढला. चाळीचं भाडं तो स्वतः गोळा करतो, हे सांगायला एक भाडेकरूही तयार झाला. नंदाला जरा कुठं बरं वाटायला लागलं होतं, तेवढ्यात कैलासच्या वकिलानं साक्षीदाराचं नाव दिलं. सावळा मरगळे.

हुशार माणूस होता तो वकील. सावळा खोटं बोलत नाही, हे सगळ्या खोऱ्याला ठाऊक. नंदाचाच बाप येऊन 'हो, मी शपथ घेतली, पुन्हा मागणार नाही म्हणालो' असं सांगेल, मग कोर्टाला आणखी काय हवं? किमया नंदाला समजावत राहिली, की आजोबांनी सगळं कबूल केलं तरी कायद्यानं मुलीचा हक्क जात नाही. नंदाच्या डोक्यात ते शिरेना. समन्स घेऊन माणूस वाड्यावर आला, सावळ्यानं अंगठा दिला आणि कागद घडी करून खिशात ठेवला. नंदाच्या मनात एकच. आबा खरं बोलणार, आणि सायली शेरडांमागं जाणार.

साक्षीच्या दिवशी पौडला जायला दोघं एकाच बसमध्ये बसले. तो पुढं, ती मागं. सावळ्यानं ठेवणीतलं धोतर नेसलं होतं, डोक्याला धुतलेलं पागोटं. कोर्टाच्या आवारात कैलास, त्याचा वकील आणि सिद्धनाथ उभे होते. सिद्धनाथनं सावळ्याला रामराम केला. सावळ्यानं केला. नंदाकडं कुणी बघितलं नाही.

पुकारा झाला. सायली कैलास ढेबे. पोरगी शाळेत होती. तिच्या नावाला नंदा उठून उभी राहिली.

सावळा पिंजऱ्यात गेला. कैलासच्या वकिलानं विचारलं, "बैठकीत तुम्ही देवाचा भंडारा उचलला, खरं का?"

"व्हय."

"चार शेळ्या घेतल्या?"

"घेतल्या."

"पुढं मुलीसाठी काही मागणार नाही, असं म्हणालात?"

"म्हनलो."

"कुणी जबरदस्ती केली होती?"

"मला कोन करनार?"

वकील खाली बसला. चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं. किमयाला खरं तर काही विचारायचं नव्हतं, तिनं तसं आधी सांगितलंही होतं. पण ती उठली आणि म्हणाली, "बाबा, तुम्हाला आणखी काही सांगायचंय का?"

समोरच्या वकिलानं हरकत घेतली. साहेबांनी सावळ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "सांगू द्या."

सावळ्यानं पिंजऱ्याच्या कठड्यावर दोन्ही हात ठेवले.

"सायेब, मी जल्मभर जनावरांचा धंदा केला. माझं शेरडू मी इकीन, न्हाईतर फुकट दीन, कोन इचारनार? पर दुसऱ्याचं शेरडू आपलं म्हून इकलं, तर आमच्यात त्याला चोर म्हनत्यात. पोरीचं तिच्या बापाकडं जे काय हुतं, ते माझं न्हवतं. तिचं हुतं. ती मांडीवर पीत हुती, तिला बोलता येत न्हवतं. म्या माझं म्हून दिऊन टाकलं. भंडारा उचलला ह्ये खरं. आज मी त्यो मोडतुया, ह्ये बी खरं. दोनी ल्हिवा."

साहेबांनी लिहून घेतलं. कैलास खाली बघत होता. आणि नंदा, अख्ख्या खोऱ्यात जिच्या तोंडाला कुणी लागत नाही ती नंदा, भर कोर्टात पदर तोंडाला लावून हुंदके देत होती. शिपाई "शांत बसा" म्हणाला तर तिला ते ऐकूही गेलं नाही. तिला फक्त एवढं कळत होतं, की आबानं सगळ्यांत जपलेली वस्तू तिच्या पोरीसाठी उचलून दिली होती. आणि तीही तिनं न मागता.

परतीच्या बसमध्ये तो तिच्या शेजारी येऊन बसला. बरंच अंतर गेल्यावर म्हणाला, "आदी मला का न्हाई सांगितलंस?"

"भ्याले."

"कुंपनवाल्याला भ्याली न्हाईस ती?"

"त्यो काय माझा बा हाय व्हय?" नंदा म्हणाली, आणि सावळा एवढ्या महिन्यांनी पहिल्यांदा हसला.

निकाल लागला तेव्हा शाळांना सुट्ट्या लागल्या होत्या. कैलासनं अर्जाच्या तारखेपासून सायलीची पोटगी दर महिन्याला द्यायची, शिक्षणाचा खर्च धरून. धडधाकट माणूस आहे, पिकअप आहे, चाळीचं भाडं घेतो; बेकार म्हणून हात झटकता येणार नाहीत. आणि बैठकीत काय ठरलं, शेळ्या कुणी घेतल्या, कुणी परत केल्या, यानं मुलीच्या हक्काला बाध येत नाही. किमयानं हे सगळं बाहेर आल्यावर पुन्हा सोप्या भाषेत समजावलं. नाही दिले तर काय करायचं तेही सांगितलं, कारण हे प्रकरण इथं संपत नाही हे तिला अनुभवानं माहीत होतं. पुढं झालंही तसंच. पहिल्या महिन्यांत कैलासनं टाळाटाळ केली, किमयानं वसुलीचा अर्ज दिला, वॉरंट निघायची वेळ आल्यावर तो कुरकुरत कोर्टात पैसे भरून गेला. अजूनही तो वेळेवर देतो असं नाही. पण देतो.

निकालाच्या त्याच दिवशी, आवारातल्या झाडाखाली, सिद्धनाथनं सावळ्याला गाठलं. कैलास मागं उभा होताच. बरोबर वाड्यावरचीही दोन-चार माणसं होती. नंदा आणि सायली चहाच्या टपरीपाशी होत्या. निकाल ऐकायला म्हणून नंदानं या खेपेला लेकीला आणलं होतं.

"सावळ्या," सिद्धनाथ म्हणाला, "देवाचा भंडारा मोडलास. बैठकीला जाब द्यावा लागंल."

नंदा तिथूनच उसळून पुढं यायला निघाली. सावळ्यानं हातानं तिला थांबवलं.

"बसवा की बैठक," तो म्हणाला. "मी यीन. दंड काय कराल त्यो भरीन, वाळीत टाकलं तर बाजूला बशीन. पर एक हाय. औंदा बैठकीत सायलीला मधी बसवायची. तिचं काय द्यायचं, काय सोडायचं, ते तिच्या तोंडाकडं बघून बोला. मागल्या टायमाला आपल्यातल्या एकानं बी तिच्याकडं बघितलं न्हवतं. मी सुदीक न्हाई."

सिद्धनाथची नजर टपरीकडं गेली. सायली बशीतला चहा फुंकत उभी होती. तिनं वर बघितलं, सगळे आपल्याकडंच बघतायत हे तिच्या लक्षात आलं, आणि तीही न लाजता त्यांच्याकडं बघत राहिली. बघायची ती पद्धत थेट आईची. सिद्धनाथनं डोकीवरची टोपी उगाच सारखी केली. कैलास गाडी काढायला म्हणून निघून गेला.

सायली आता पौडला वसतिगृहात राहून नववीला आहे. बैठक अजून बसलेली नाही.